आधार देणाऱ्यांचा केस पेपर : थकवा, रजा आणि आठ आठवड्यांची सजगता

सांगली जिल्ह्यात कौटुंबिक हिंसाचाराच्या आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत काम करणाऱ्या समुपदेशकांचे आणि कार्यकर्त्यांचे वर्तुळ लहान आहे. त्यातले कोणी मध्येच थांबले की चर्चा होते आणि थांबलेल्याला खुलासे देत बसावे लागते. २०२३ च्या पावसाळ्यापासून पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत मी या सगळ्यातून गेले. उपचार घेतले, रजा घेतली, सजगतेचा म्हणजे माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम केला आणि पुन्हा कामावर रुजू झाले. कोणाकडे जायचे, कोणता कागद लागतो आणि पैसे किती लागतात, हे मला त्या वेळी कोणी एकत्रित सांगितले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रकरणांतील व्यक्ती ओळखू येऊ नयेत यासाठी त्यांचे तपशील बदलले आहेत.

मी एका स्वयंसेवी संस्थेच्या समुपदेशन केंद्रात अकरा महिन्यांच्या करारावर, मानधनावर काम करते. आमच्याकडे आलेल्या बाईचा घरगुती घटना अहवाल, म्हणजे तिच्यावरच्या हिंसाचाराची ठरलेल्या नमुन्यातली नोंद, भरण्यापासून कामाला सुरुवात होते. पुढे पोलीस ठाणे, सिव्हिलमधली वैद्यकीय तपासणी, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब (तेव्हा तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली होत असे), विजयनगरच्या न्यायालयातल्या तारखा आणि अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेच्या अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, असा तो प्रवास असतो. बालकाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलावले जाऊ नये, याची काळजी पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम ३३ मध्ये घेतलेली आहे आणि ते योग्यच आहे. सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीला मात्र तीच हकीकत अहवाल लिहिताना, पोलिसांना समजावून सांगताना, वकिलांशी बोलताना आणि मासिक अहवालात मांडताना पुन्हा पुन्हा हाताळावी लागते, आणि तिच्याकडे अशी एकच हकीकत नसते.

जुलै २०२३ मध्ये माझ्या लक्षात आले की मला रडू येणे बंद झाले आहे. एका मुलीची आई समोर बसून बोलत होती आणि मी घरी जाताना कोथिंबीर घ्यायची आहे याचा विचार करीत होते. त्याच आठवड्यात लिहिलेल्या तीन फायलींतले निष्कर्षाचे परिच्छेद जवळजवळ सारखेच निघाले. कामावर हा कोरडेपणा, तर घरी त्याच्या अगदी उलट स्थिती होती. मुलगी क्लासहून यायला दहा मिनिटे उशीर झाला की मी विश्रामबागेपर्यंत स्कूटर घेऊन जात असे, आणि घरी पाहुणे आले की तिने कोणाशेजारी बसायचे हेही मीच ठरवू लागले होते. यजमानांनी एकदा शांतपणे विचारले, "अगं, हा तर तुझा सख्खा मामा आहे ना?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी मी उठून स्वयंपाकघरात गेले. झोप रात्री दोन-अडीचला मोडायची ती परत लागत नसे.

ऑक्टोबरमध्ये एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने पुण्याच्या सहकारी ताईंनी मला 'प्रोक्यूओएल' ही प्रश्नावली दिली. ती विनामूल्य आहे. त्यात गेल्या ३० दिवसांविषयीची ३० विधाने असतात, प्रत्येकाला १ ते ५ असे गुण द्यायचे असतात आणि त्यातून तीन वेगवेगळे आकडे निघतात: कामातून मिळणारे समाधान, बर्नआऊट आणि दुय्यम आघाताचा ताण. प्रत्येक भागात २२ पर्यंतचे गुण कमी, २३ ते ४१ मध्यम आणि ४२ आणि त्यापुढचे जास्त मानले जातात. काही विधानांचे गुण उलटे धरायचे असतात, त्यामुळे बेरीज घाईने करू नये. ही चाचणी निदान करीत नाही, पण माझ्या बाबतीत तिने एक गुंता सोडवला. माझे बर्नआऊटचे गुण मध्यम होते आणि दुय्यम आघाताचे ४३ होते. कामाचा डोंगर, अपुरे मनुष्यबळ आणि हातात काहीच नसल्याची भावना यांतून माणूस हळूहळू विझत जातो ते बर्नआऊट. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची भावनिक थकवा, समोरच्याविषयीचा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, अशी तीन अंगे सांगितली आहेत. दुय्यम आघातात दुसऱ्याने सांगितलेली दृश्ये आपल्या डोळ्यांपुढे येऊ लागतात, आपण दचकतो, टाळाटाळ करतो, पहारा देतो. दिवाळीच्या सुट्टीत मी भरपूर झोपले, कामाचा थकवा उतरला, तरी माझा पहारा का सुटला नाही, याचा उलगडा मला त्या दोन आकड्यांतून झाला.

नोव्हेंबरात एका रात्री मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही सेवा केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केली असून ती चोवीस तास आणि विनामूल्य आहे. मराठीत बोलता येते. मीच आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांना हा क्रमांक लिहून देत असे, त्यामुळे तो पाठ होता. फोनवरच्या व्यक्तीने न घाईगडबड करता ऐकले, झोप आणि जेवणाबद्दल विचारले, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का हे स्पष्ट शब्दांत विचारले आणि मानसोपचार विभागात प्रत्यक्ष दाखवण्याचा सल्ला दिला.

प्रत्यक्ष दाखवणे हा या सगळ्यातला मला सर्वांत जड गेलेला टप्पा होता. सांगलीच्या सिव्हिलमध्ये मला शिपायापासून सिस्टरपर्यंत सगळे ओळखतात, कारण मी तिथे कायम कोणाला तरी घेऊन जाते. म्हणून मी मिरजेच्या शासकीय रुग्णालयात गेले. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाचे वार आधी फोन करून विचारून घ्यावेत आणि सकाळी लवकर पोहोचावे. केस पेपरचे शुल्क नाममात्र असते, वेळ मात्र अख्खा दिवस धरून चालावे. बाकावर माझा क्रमांक येण्याची वाट पाहत असताना पूर्वी सांगलीच्या सिव्हिलमध्ये कामाला असलेल्या एका मावशींनी मला पाहिलेच आणि विचारले, "ताई, आज कोणाला आणलंत?" मी म्हणाले, "आज मलाच आणलंय." त्या क्षणभर थांबल्या, मग शेजारी सरकून बसल्या आणि डॉक्टर कोणते चांगले ऐकून घेतात ते त्यांनी मला सांगितले. महिनाभर ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो एवढ्यात संपला.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि जीवनसत्त्व बी-१२ तपासून घ्यायला सांगितले. थकवा आणि निद्रानाश यांच्यामागे शरीराचे कारण आहे का, हे आधी पाहायला हवे, आणि हे आपल्या क्षेत्रातले लोक हटकून विसरतात. मी वेळ वाचवण्यासाठी या तपासण्या बाहेर केल्या, त्याला सुमारे बाराशे रुपये लागले. बी-१२ कमी निघाले, त्यावर उपचार सुरू झाले. झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी मिळाली. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती कोणी वाचून घ्यावी अशी गोष्ट नाही.

मग प्रमाणपत्राचा प्रश्न आला. माझी अपेक्षा होती की डॉक्टर 'बर्नआऊट' असे लिहून देतील. त्यांनी समजावले की जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआऊटला आजार मानलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी व्यवसायाशी निगडित बाब, अशी त्याची नोंद आहे. कार्यालयात असे प्रमाणपत्र नेले तर पहिला प्रश्न 'हा आजार कुठे आहे?' असाच येणार. त्यांनी 'निद्रानाश व ताणाशी संबंधित लक्षणे, सहा आठवडे विश्रांतीचा सल्ला' असे लिहिले. आजाराचा याहून अधिक तपशील प्रमाणपत्रावर नको असे आपण सांगू शकतो, कारण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि विश्रांतीच्या सुरुवातीची व शेवटाची तारीख आहे ना, हे विभागातून बाहेर पडण्यापूर्वीच पाहावे.

संस्थेत अर्ज दिला तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. माझ्या करारात थोड्या किरकोळ रजेपलीकडे काही नव्हते, त्यामुळे बिनपगारी रजा मागण्यावाचून पर्याय नव्हता. अर्ज आवक नोंदवहीत नोंदवून त्याची पोच दुसऱ्या प्रतीवर घ्यावी. तोंडी 'बघू, घ्या तुम्ही' या परवानगीवर विसंबून राहू नये. पंधरवडाभर उत्तर आले नाही. मग एक बैठक झाली, त्यात एका वरिष्ठांनी अतिशय सहानुभूतीने मला सुचवले की रजा घेण्यापेक्षा रोज सकाळी थोडे ध्यान करावे, स्वतः त्यांना त्याचा फार फायदा झाला होता. मला त्यांचा राग आला नाही, पण हे उत्तर आपल्या क्षेत्रात किती सहज दिले जाते याचे नवल वाटले. एका समुपदेशकाकडे किती प्रकरणे असावीत याला मर्यादा नाही, तिच्या मनावरचे ओझे ऐकून घ्यायला वरिष्ठ समुपदेशक नाही, आणि त्या सगळ्यावर उपाय म्हणून तिने घरी, स्वतःच्या वेळात, डोळे मिटून बसावे. श्वास तिचा आहे हे खरे; प्रकरणांचे वाटप तिच्या हातात नाही. रजा अखेर मंजूर झाली, २२ जानेवारी २०२४ पासून, बिनपगारी. माझे मानधन अठरा हजार होते, म्हणजे सहा आठवड्यांचे सुमारे पंचवीस हजार गेले. ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज आधी करून ठेवावी.

रजेत काय करायचे, यावर घरात आणि बाहेर सगळ्यांनी एकमुखाने विपश्यना सांगितली. आपल्याकडे ते साहजिक आहे. हातकणंगले तालुक्यातल्या आळते येथे केंद्र आहे, सांगलीहून जवळ पडते, दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही, आणि राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी रजेची तरतूदही आहे, जरी करारावरच्या आम्हा मंडळींना ती लागू नसली. मी अर्ज पाहिला तेव्हा त्यात मानसिक आजार आणि चालू औषधे यांविषयी विचारलेले होते. ते खरे खरे भरावे. डॉक्टरांनी मला त्या अवस्थेत न जाण्याचा सल्ला दिला. पहाटे चारपासून रात्रीपर्यंत मौनात बसल्यावर जी दृश्ये मी टाळत होते तीच वर येणार, आणि त्या वेळी जवळ बोलायला कोणी नसणार, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कधी जाईन. त्या जानेवारीत गेले नाही याचे समाधान आहे.

त्याऐवजी मी आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम निवडला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घ वेदना असलेल्या रुग्णांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमाचा तो आराखडा आहे: दर आठवड्याला अडीच तासांचे सत्र, घरी रोज पाऊण तास सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस. शुल्क बारा हजार होते; सामाजिक क्षेत्रात काम करते असे पत्र दिल्यावर निम्मे झाले आणि तेही दोन हप्त्यांत घेतले. सवलत जाहिरातीत लिहिलेली नसते, विचारावी लागते. मी नाव नोंदवण्यापूर्वी शिकवणाऱ्या ताईंना एवढेच विचारले होते की आघाताच्या प्रकरणांत काम करणाऱ्यांना तुम्ही शिकवले आहे का, आणि मला मध्येच थांबावेसे वाटले तर चालेल का. या दोन प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्याकडे जाऊ नये.

पहिल्याच सत्रात त्या प्रश्नांचा अर्थ कळला. त्यात प्रत्येकाने एक मनुका हातात घेऊन, तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे त्याच्याकडे बघायचे असते. आमच्या घरी तासगावचा बेदाणा डब्याने असतो. तळहातावर घेतलेल्या दाण्याच्या एका टोकाला देठाची बारीक काडी राहून गेली होती. उजेडात धरला तर सुरकुत्यांच्या मधला गर हिरवट-पिवळा दिसत होता. कानाशी नेऊन बोटांत फिरवला की चिकट, जेमतेम ऐकू येणारा आवाज होत होता. मग वास घ्यायला सांगितले. धुरी दिलेल्या मालाला गंधकाचा हलका वास राहतो, आणि तो मला चांगलाच ओळखीचा होता. बेदाणा निवडायच्या कामावर जाणारी एक बाई अहवाल लिहून देताना सारखी पदराला बोटे पुसत होती. तिच्या हातांना हाच वास होता. तिने सांगितलेले सगळे, ज्या क्रमाने सांगितले त्या क्रमाने, माझ्यापुढे उभे राहिले. घसा आवळला आणि कानांत घूं असा आवाज सुरू झाला.

पडद्यावरून ताईंना माझा चेहरा दिसला असावा. त्या म्हणाल्या, "डोळे उघडा. तो दाणा खाली ठेवा. तळपाय जमिनीवर टेकवा आणि खोलीत दिसणाऱ्या तीन वस्तू मला मोठ्याने सांगा." मी म्हणाले, "पंखा. दप्तर. पाण्याची कळशी." पुन्हा तीन सांगायला लावल्या. श्वासाकडे लक्ष द्या, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

आघाताशी संबंधित लोकांना सजगता शिकवताना हा फरक महत्त्वाचा असतो, आणि तो माझ्या पुढच्या सगळ्या सरावाचा पाया झाला. श्वास हा सगळ्यांसाठी सुरक्षित आधार नसतो. ज्याची छाती भीतीने आवळते त्याला श्वासाकडे पाहिल्यावर भीतीच आधी भेटते. अशा वेळी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श, खुर्चीची पाठ, रस्त्यावरचे आवाज, यांपैकी काहीही चालते. शरीरभर लक्ष फिरवण्याचा सराव आडवे पडून, डोळे मिटून करायचा असतो. मी तो भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असे बसून, उघड्या डोळ्यांनी केला, सुरुवातीला पाऊण तासाऐवजी दहा मिनिटे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात झोप आणखी बिघडली. हे होऊ शकते असे आधी सांगितलेले होते, म्हणून मी अभ्यासक्रम सोडला नाही, पण डॉक्टरांना कळवले. जेवणानंतर सभागृहात साठ-सत्तर कार्यकर्त्यांना एकदम डोळे मिटायला लावणारी ताणमुक्तीची शिबिरे मी पूर्वी पाहिली आहेत. त्यातल्या कोणाच्या डोळ्यांपुढे काय येत असेल याची चौकशी कोणी करीत नाही, आणि अशी शिबिरे बंद झाली तर बरे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास बदल जाणवला, तोही घरात आधी. मुलीला उशीर झाला की पोटात गोळा उठायचाच, पण उठला आहे हे मला कळू लागले आणि स्कूटरची किल्ली हातात घेण्यापूर्वी एक फोन करण्याइतकी जागा मिळू लागली. सातव्या आठवड्यात मैत्री भावनेचा सराव होता. समोरच्याचे दुःख आपल्या अंगात उतरवून घेणे आणि त्याचे भले व्हावे अशी इच्छा धरून त्याच्याजवळ थांबणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूविज्ञानाच्या संशोधक तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही केवळ पहिल्या प्रकारच्या प्रशिक्षणाने लोकांचा त्रास वाढला आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रशिक्षणाने तो उतरला, असे आढळले आहे. बेदाणा निवडणाऱ्या त्या बाईचा चेहरा मी या सरावात मुद्दाम आणला. तिने सांगितलेले आठवले, पण ती आता बहिणीकडे राहते आणि पोटगीचा अंतरिम आदेश तिला मिळाला आहे, हेही त्याच्याबरोबर आठवले. हे दुसरे मला इतके दिवस आठवतच नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी रुजू झाले, तेव्हा अभ्यासक्रमाचे शेवटचे दिवस बाकी होते. रुजू होताना वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते. ते रजा संपण्याच्या दोन दिवस आधी घेऊन ठेवावे, कारण त्यासाठी पुन्हा बाह्यरुग्ण विभागाचा वार गाठावा लागतो. रुजू अहवालासोबत मी एक पानी पत्र दिले. मास्लाक आणि त्यांचे सहसंशोधक मायकेल लायटर यांनी बर्नआऊटशी जोडलेली कामाची सहा क्षेत्रे सांगितली आहेत: कामाचा भार, त्यावरचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांचे नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. त्यातल्या पहिल्या दोनच क्षेत्रांबद्दल मी मागण्या लिहिल्या, म्हणजे एकाच आठवड्यात पोक्सोची दोन नवी प्रकरणे एकीला देऊ नयेत आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी समुपदेशकाकडून सुपरव्हिजन, म्हणजे आमच्या कामाबद्दल आणि त्याच्या ओझ्याबद्दल ऐकून मार्गदर्शन, मिळावे. सगळी सहा क्षेत्रे लिहिली असती तर पत्र फायलीला लागले असते.

पहिली मागणी महिन्याभरात मान्य झाली. दुसरीसाठी पैसे नाहीत असे उत्तर मिळाले, तेव्हा आम्ही तिघींनी मिळून शुल्क वाटून घेतले. दीड तासाच्या ऑनलाइन सत्राचे पंधराशे, म्हणजे प्रत्येकीला पाचशे पडतात. केंद्रात आम्ही आपसांत एक नियम केला, त्याला एक रुपयाही लागला नाही. डबा खाताना प्रकरणातले तपशील सांगायचे नाहीत, आणि सांगायचेच असतील तर 'आता ऐकू शकशील का?' असे आधी विचारायचे, नको म्हटले तर वाईट वाटून घ्यायचे नाही. दोन भेटींच्या मध्ये मी बेसिनवर हात धुते, पाणी कोमट आहे की गार तेवढे पाहते, पाय टेकले आहेत ना ते पाहते आणि मगच पुढच्या बाईला आत बोलावते. पाऊण तासाचा सराव आता रोज होत नाही. वीस मिनिटे होतो, न्यायालयाच्या तारखेच्या दिवशी तोही राहतो.

जूनमध्ये करार नव्याने झाला. त्यात वैद्यकीय कारणासाठी पंधरा दिवसांची पगारी रजा पहिल्यांदाच आली आहे, आणि ती सर्व समुपदेशकांना लागू आहे. सुपरव्हिजनच्या शुल्काची परतफेड मागणारा आमचा तिघींचा अर्ज मात्र लेखा विभागात आहे. त्यावर सत्रांच्या मूळ पावत्या जोडा, असा शेरा आला आहे, त्या आम्ही जोडल्या आहेत.